इंटरनेटवरील दारें कोण बंद करितें?



मोबाइलवर एखादें संकेतस्थळ उघडावयास जावें आणि त्याऐवजीं, वरिष्ठांच्या आदेशावरून हें स्थळ बंद करण्यांत आलें आहे, अशा अर्थाची एक कोरडी पाटी समोर यावी, हा अनुभव तुमच्यापैकीं पुष्कळांस आला असेल. कित्येकदां ती पाटीहि येत नाहीं. नुसतें चक्र फिरत राहतें, आणि आपण टॉवरला किंवा पावसाळी हवेला दोष देऊन मोबाइल खालीं ठेवितों. ही पाटी कोणीं लाविली, कोणाच्या सांगण्यावरून लाविली, तिच्यांत न्याय किती व अन्याय किती, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय कांहींसा कायद्याचा व कांहींसा यंत्राचा आहे; परंतु आठवी-नववींतील मुलास समजणार नाहीं असें त्यांत कांहीं नाहीं. पालकांनींहि तो वाचावा अशी विनंति आहे, कारण मुलाच्या हातांतील मोबाइल बहुधा त्यांच्याच नांवावर असतो.

प्रथम फाइल वांटण्याचीं स्थळें म्हणजे काय तें पाहूं. संगणकांतील लेख, चित्र, गाणें अथवा चित्रपट म्हणजे शेवटीं अंकांची एक लांबलचक माळ असते. तिलाच फाइल म्हणतात. ती एके ठिकाणीं ठेवून ज्याला हवी त्याला उतरवून घेऊं देणें, हा वांटपाचा सरळ प्रकार होय. दुसरा प्रकार अधिक चतुर आहे. २००१ सालीं ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणानें बिटटॉरेंट नांवाची पद्धति काढिली. एखाद्या जाड पोथीचीं पानें सुटीं करून तीं पन्नास घरांत वांटावीं, प्रत्येक घरानें आपल्याजवळील पान शेजाऱ्यास उतरवून द्यावें व शेजाऱ्याचें आपण उतरवून घ्यावें; म्हणजे थोड्याच वेळांत पन्नास घरीं पन्नास पुऱ्या पोथ्या तयार होतील. बिटटॉरेंटची रीत हीच. यांत मुख्य संकेतस्थळावर चित्रपट ठेवलेलाच नसतो. कोणतें पान कोणाच्या घरीं सांपडेल, हें शोधण्याची खूण तेवढी तेथें मिळते. आम्ही कांहीं चोरीत नाहीं, केवळ पत्ता सांगतों, असा बचाव स्वीडनमधील ‘पायरेट बे’ या प्रसिद्ध स्थळाच्या चालकांनीं केला होता. स्टॉकहोमच्या न्यायालयानें १७ एप्रिल २००९ रोजीं तो अमान्य करून त्यांस कैदेची शिक्षा ठोठाविली.

पद्धति स्वतः निर्दोष आहे. लिनक्ससारख्या मोफत प्रणाली जगभर याच मार्गानें वांटल्या जातात, व त्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं. परंतु तींतील एक गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. टॉरेंटनें फाइल घेणारा मनुष्य ती घेतां घेतांच इतरांस देतहि असतो. मुलास वाटतें कीं आपण एक चित्रपट घरीं आणिला. वस्तुतः त्याच घटकेस त्याचा मोबाइल किंवा संगणक तो चित्रपट अनोळखी माणसांना वांटीत असतो. हा भेद कायद्याच्या दृष्टीनें किती महत्त्वाचा आहे तें पुढें दिसेल.

आतां ज्याची वस्तु जाते त्याची बाजू पाहूं. ‘सैराट’ हा नागराज मंजुळे यांचा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजीं प्रदर्शित झाला, आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत मोबाइलांतून फिरूं लागली. त्याच वर्षीं ‘उडता पंजाब’ हा हिंदी चित्रपट तर प्रदर्शनापूर्वींच फुटला, आणि त्या प्रतीवर सेन्सॉरकरितां असल्याची खूण होती. ‘सैराट’ला लोकांनीं इतकें उचलून धरलें कीं त्यास तो घाव सोसला. परंतु ज्या मराठी चित्रपटास चित्रगृहांत जेमतेम एक-दोन आठवडे मिळतात, त्याला तो सोसवत नाहीं. लेखक, वादक, रंगभूषा करणारा, दिवे धरणारा मुलगा, या सर्वांचें पोट त्या एक-दोन आठवड्यांवर असतें. तालुक्याच्या गांवीं दहा-वीस रुपये घेऊन मेमरी कार्ड भरून देणारीं दुकानें पुष्कळांनीं पाहिलीं आहेत. तेथें दिलेल्या पैशांतील एक छदामहि या माणसांपर्यंत पोंचत नसे. तेव्हां चोरी थांबविण्याचा प्रयत्न करणें गैर आहे असें कोणीहि समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. प्रश्न आहे तो रीतीचा.

आपल्या देशांत या बाबतींत मुख्य कायदा १९५७ चा कॉपीराइट कायदा. जाणूनबुजून त्याचा भंग करणारास ६३ व्या कलमान्वयें सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. २०२३ सालीं सिनेमॅटोग्राफ कायदाहि सुधारण्यांत आला. चित्रगृहांत बसून चित्रपट चोरून टिपणारास तीन महिने ते तीन वर्षें कैद, आणि तीन लाख रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या पांच टक्क्यांपर्यंत दंड, असें त्यांत सांगितलें आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें बारा अधिकारी नेमिले. त्यांच्याकडे तक्रार गेली असतां अठ्ठेचाळीस तासांच्या आंत चोरट्या प्रती इंटरनेटवरून हटविण्याची कारवाई व्हावी अशी योजना आहे.

परंतु चोर सांपडला तर ना! तो बहुधा परदेशीं, नांव बदलून बसलेला. म्हणून निर्माते न्यायालयांत जाऊन ज्यांचें नांवहि ठाऊक नाहीं अशा लोकांविरुद्ध हुकूम मागतात. इंग्रजी कायद्यांत या अज्ञात इसमास ‘जॉन डो’ म्हणतात. आपल्याकडील न्यायालयांनीं त्याचें बारसें ‘अशोक कुमार’ असें केलें आहे. (या नांवाच्या सज्जनांनीं राग मानूं नये.) अशोक कुमार हातीं लागत नाहीं, म्हणून तो हुकूम इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांवर बजावितात: त्याच्या घराकडे जाणारी वाट तुम्ही बंद करा. सरकारास स्वतःच्या अधिकारांत माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमानें स्थळें बंद करितां येतात. पण तीं देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांकरितां. कॉपीराइटचें नांव त्या कलमांत नाहीं. म्हणून या प्रकरणांत न्यायालयांचें महत्त्व मोठें.

ही वाट कंपनी बंद करिते तरी कशी? येथें टपालाचा दृष्टान्त घेऊं. संकेतस्थळाचें नांव आपल्याला ठाऊक असतें, परंतु यंत्रास अंकी पत्ता लागतो. नांवावरून अंकी पत्ता सांगणारी एक मोठी वही इंटरनेटवर असते. आपण नांव टंकिलें कीं मोबाइल प्रथम त्या वहीस विचारितो, मग त्या पत्त्यावर जातो. बंद करण्याची पहिली रीत अशी कीं कंपनीनें आपल्या वहींतून तें नांव खोडावें, किंवा त्यापुढें खोटा पत्ता लिहावा. ही रीत स्वस्त आहे; पण दुसऱ्याची वही वापरणारास तिचा अडथळा होत नाहीं.

दुसरी रीत म्हणजे त्या अंकी पत्त्याकडे जाणारें टपालच थांबवावयाचें. ही अधिक कडक, आणि अधिक धोक्याची. कारण इंटरनेटवर एका अंकी पत्त्यावर पुष्कळ स्थळें राहतात, जशीं मुंबईच्या एका चाळींत कोंकणांतील पन्नास बिऱ्हाडें. तिसऱ्या मजल्यावरील एका भाडेकरूनें चोरीचा माल ठेविला, म्हणून चाळीच्या जिन्यालाच कुलूप घातलें, तर बाकीच्या एकूणपन्नास बिऱ्हाडांनीं काय करावें?

तिसरी रीत लखोट्यावरील पत्ता वाचण्याची. पूर्वीं इंटरनेटवरील बहुतेक टपाल उघड्या पोस्टकार्डासारखें होतें. कोणती चाळ, कोणती खोली, सर्व वाचतां येई; म्हणून कंपनीस एकच पान अडवून बाकीचीं मोकळीं ठेवितां येत. आतां बहुतेक टपाल बंद लखोट्यांतून जातें. संकेतस्थळाच्या पत्त्याआधीं कित्येकदां लहान कुलपाचें चिन्ह दिसतें तें याचेंच. तें चांगलेंच आहे, नाहीं तर तुमच्या बापाच्या बँकेचा गुप्त शब्द वाटेंत कोणीहि वाचता. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं कंपनीस बाहेरून चाळीचें नांव दिसतें, खोलीचा क्रमांक दिसत नाहीं. न्यायालयानें अमुक एकच पान बंद करा असा अगदीं नेमका हुकूम दिला, तरी तो पाळतांना कंपनीपुढें दोनच मार्ग उरतात: सगळी चाळ बंद करणें, किंवा कांहींच न करणें. पुष्कळ गोंधळाचें मूळ या यांत्रिक अडचणींत आहे, आणि वर्तमानपत्रांतील चर्चेंत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

म्हणूनच ज्या स्थळाचे चालक जबाबदार आहेत, तेथें थेट त्यांसच कळविणें उत्तम. कायद्यानें तशी सोय केली आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणें मालकानें लेखी तक्रार केली असतां अशा चालकानें छत्तीस तासांच्या आंत तें पान बंद करावयाचें असतें. एकवीस दिवसांत न्यायालयाचा हुकूम न आल्यास तें पुन्हां उघडतां येतें. खोलीची किल्ली खोलीवाल्याजवळ असते. त्यासाठीं जिना अडविण्याचें कारण पडत नाहीं.

आतां घडलेल्या गोष्टी पाहूं. २०११ सालच्या जुलैंत ‘सिंघम’ हा हिंदी चित्रपट यावयाचा होता. एका मराठी फौजदाराची गोष्ट असल्यामुळें आपल्याकडे तो फार चालला. त्याच्या निर्मात्यांनीं प्रदर्शनाच्या आधीं दिल्ली उच्च न्यायालयाकडून अशोक कुमारी हुकूम आणिला, आणि त्याच्या आधारें कांहीं कंपन्यांनीं मेगाअपलोड, मीडियाफायर यांसारखीं फाइल ठेवण्याचीं सबंध स्थळेंच बंद केलीं. त्या स्थळांवर चोरीचा माल पुष्कळ होता यांत शंका नाहीं. पण कोणाचा प्रबंध, कोणाच्या लग्नाचीं छायाचित्रें, कोणाच्या कचेरीचे हिशेबहि तेथेंच होते. त्या लोकांस कोणींहि विचारिलें नाहीं.

पुढील वर्षीं मद्रास उच्च न्यायालयांत ‘३’ हा तमिळ व ‘दम्मू’ हा तेलुगु चित्रपट, यांच्यासाठीं असाच हुकूम झाला. मे २०१२ मध्यें कंपन्यांनीं पायरेट बेबरोबर व्हिमिओ व डेलीमोशन हींहि स्थळें बंद केलीं. व्हिमिओवर तर कितीतरी कलावंत स्वतःच्याच कृति ठेवीत असत! इतका गवगवा झाला कीं २२ जून २०१२ रोजीं न्यायालयानें खुलासा केला: ज्या नेमक्या पानांवर ते चित्रपट आहेत तेवढींच बंद करावयाचीं, सबंध स्थळें नव्हेत. हा धडा लगेच सर्वांस पचला असेल असें वाटेल, पण तसें झालें नाहीं. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळीं सामने दाखविण्याचा हक्क असलेल्या कंपनीनें दिल्ली उच्च न्यायालयाकडून ४७२ स्थळें बंद करण्याचा हुकूम मिळविला. त्या यादींत चक्क गूगल डॉक्सचें नांव होतें. मागाहून ती यादी २१९ वर आणण्यांत आली. म्हणजे निम्म्याहून अधिक नांवें गाळतां आलीं. यादी न्यायालयापुढें ठेवण्यापूर्वीं ती कोणीं डोळे उघडून वाचली होती कीं नाहीं, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो.

या पार्श्वभूमीवर २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत जें झालें तें आपण मराठी मुलांनीं अवश्य जाणावें. ‘ढिशूम’ नांवाचा चित्रपट २९ जुलैस यावयाचा होता, आणि इरॉस कंपनीनें बी. एस. एन. एल. वगैरे कंपन्यांविरुद्ध नेहमीप्रमाणें हुकूम मागितला. न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं तो नेहमीप्रमाणें दिला नाहीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: सबंध स्थळ बेकायदेशीर मालानेंच भरलेलें आहे हें दाखविल्यावांचून तें सबंध बंद करितां येणार नाहीं, आणि यादींतील प्रत्येक पत्ता तपासल्यावांचून मी सही करणार नाहीं. मग पत्ते आधीं यंत्रानें शोधावयाचे, नंतर माणसानें एकेक उघडून पाहावयाचे, त्यानंतर वकिलांनीं पुन्हां पडताळावयाचे, आणि हें सर्व प्रतिज्ञापत्रावर सांगावयाचें, अशी तिहेरी चाळणी लागली. तेव्हां कोठें २६ जुलैस हुकूम मिळाला. चित्रपट ठरलेल्या दिवशींच आला. तपासणी केल्यानें निर्मात्याचें कांहीं अडत नाहीं, हें यांत दिसून आलें.

त्या हुकुमांतील दुसरा भाग आम्हांस पहिल्याहून मोलाचा वाटतो. बंद केलेल्या पानावर जी पाटी लावावयाची तींत कायद्याचीं कलमें, दाव्याचा क्रमांक व हुकुमाची तारीख असावी, आणि ज्याला वाटतें कीं आपलें पान चुकीनें बंद झालें त्यानें कोठें लिहावें तो ई-मेल पत्ताहि असावा, असें न्यायमूर्तींनीं सांगितलें. अठ्ठेचाळीस तासांची सूचना देऊन अशा माणसास न्यायालयापुढें येतां यावें, अशी सोय त्यांत होती. ज्याचें दार बंद होतें त्यास, कोणीं बंद केलें व दाद कोठें मागावी, हें समजलेंच पाहिजे. साधी गोष्ट आहे. पण तोंपर्यंतच्या बहुतेक पाट्यांवर ती नव्हती, आणि आजच्याहि पुष्कळ पाट्यांवर ती नसते.

त्या पाटीवरून ऑगस्टांत एक मजेदार घबराट झाली. कंपन्यांनीं लाविलेल्या मजकुरांत असें होतें कीं हें पान पाहणें, उतरविणें, दाखविणें अथवा त्याची नक्कल करणें हा गुन्हा आहे. झालें! नुसतें पाहिल्यास तीन वर्षें तुरुंग, अशा बातम्या देशभर पसरल्या. तेव्हां ३० ऑगस्टच्या हुकुमांत न्यायमूर्ति पटेल यांनीं स्पष्ट केलें कीं गुन्हा पाहण्यांत नाहीं; परवानगीवांचून तो माल वांटणें, लोकांत दाखविणें, विकणें वा भाड्यानें देणें यांत आहे. हें वाचून कोणी टाळ्या पिटण्यापूर्वीं वर सांगितलेली टॉरेंटची रीत आठवावी. तेथें घेणारा हाच वांटणाराहि असतो. आपण नुसते पाहणारे आहोंत असें त्यास म्हणतां येत नाहीं. शिवाय गुन्हा नाहीं म्हणून तें रास्त झालें, असेंहि नव्हे. शेजाऱ्याच्या झाडाखालीं पडलेला आंबा उचलल्यानें कोणी तुरुंगांत जात नाहीं, तरी तो आंबा शेजाऱ्याचाच.

२०१७ सालीं जें घडलें तें मात्र आम्हां शिक्षकांस विशेष लागलें. अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को येथें ‘इंटरनेट आर्काइव्ह’ नांवाचें एक ग्रंथालय आहे. ब्रूस्टर केल यांनीं तें १९९६ सालीं स्थापिलें. तेथें सर्व जगांतील जुनीं पुस्तकें, ध्वनिमुद्रिका, नियतकालिकें फुकट वाचावयास मिळतात. भारतांतील ग्रंथालयांतून छायाचित्रें घेऊन जतन केलेलीं हजारों जुनीं पुस्तकेंहि तेथें आहेत, आणि त्यांत मराठी पुष्कळ. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यास एखादें दुर्मिळ पुस्तक हवें असलें तर तो मोठ्या ग्रंथालयांत जाऊन बसूं शकतो. आपल्या नात्याच्या, वरंधच्या किंवा पोलादपूरकडील एखाद्या वाडीच्या मुलास तसें जवळ काय आहे? रायगडावर शंभर वर्षांपूर्वीं कोणीं काय लिहिलें हें रायगडाच्या वाटेवर राहणाऱ्या मुलास पाहावयाचें, तर त्याला सॅन फ्रॅन्सिस्कोची ही खिडकीच जवळची. २ ऑगस्ट २०१७ रोजीं मद्रास उच्च न्यायालयानें दोन हिंदी चित्रपटांसाठीं सुमारें २,६५० स्थळें बंद करण्याचा हुकूम दिला, आणि त्या यादींत हें ग्रंथालयहि होतें! पुढच्याच आठवड्यांत भारतांतील वाचकांस तें बंद आढळलें. आर्काइव्हच्या चालकांस आधीं कोणींहि कळविलें नव्हतें. ओरड झाल्यावर कांहीं दिवसांनीं तें पुन्हां उघडलें. पण ओरड करणारे शहरांत होते. एखाद्या अल्पपरिचित स्थळावर असा प्रसंग आला तर त्याच्यासाठीं ओरडणार कोण?

बरें, इतकें करून चोर थांबतो काय? रायगडच्या हिरकणीची दंतकथा तुम्हां सर्वांस पाठ आहे. सूर्यास्तास गडाचे दरवाजे बंद झाले, ते महाराजांच्या आज्ञेवांचून उघडेनात, आणि घरीं तान्हें मूल असलेली ती गवळण अवघड कडा उतरून गेली. ती आज्ञा शत्रूसाठीं होती. अडकली मात्र दूध घालावयास आलेली आई. सरसकट बंदी प्रथम कोणास लागते याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. इंटरनेटवरचा चोर हिरकणीपेक्षां फारच कमी धैर्यानें कडा उतरतो. एक नांव बंद झालें कीं तो त्याच दिवशीं एक अक्षर बदलून नवें स्थळ उघडतो. त्यांस आरशांतील प्रतिबिंबें म्हणावें. नेदरलंड्समध्यें २०१२ सालीं कंपन्यांना पायरेट बे बंद करण्यास भाग पाडलें; २०१४ च्या जानेवारींत वरच्या न्यायालयानें, या बंदीचा कांहीं उपयोग होत नाहीं म्हणून ती उठविली; आणि पुढें युरोपीय न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ती पुन्हां आली. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयानें १० एप्रिल २०१९ रोजीं एक नवी रीत काढिली: जीं स्थळें मुख्यतः चोरीच्याच मालावर चालतात तीं सबंध बंद करावीं, आणि त्यांचीं प्रतिबिंबें निघतील तशीं, पुन्हां नवा दावा न लावितां, यादींत घालीत जावीं. २०२३ च्या ऑगस्टांत त्याच न्यायालयानें पुढचें पाऊल टाकलें आणि अजून तयार न झालेल्या चित्रपटांनाहि त्या हुकुमाची छाया दिली. निखालस चोरट्या स्थळांपुरतें हें रास्त आहे असें आम्हांस वाटतें. परंतु यादी जसजशी लांबेल तसतशी मुंबईची तिहेरी चाळणी अधिक लागेल, कमी नव्हे.

कंपन्याहि सारख्या वागत नाहींत. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासांत सहा कंपन्यांची तुलना केली होती. बंद करावयाच्या म्हणून मिळविलेल्या यादींतील ४,३७९ स्थळांपैकीं सहाहि कंपन्यांकडे बंद आढळलीं तीं अवघीं १,११५. म्हणजे एकाच घरांत आईच्या मोबाइलवर जें उघडतें तें मुलाच्या मोबाइलवर बंद, असें होऊं शकतें. मग मुलें साहजिकच समजतात कीं ही पाटी म्हणजे कायदा नसून कंपनीची लहर आहे. अशी समजूत होणें हेंहि नुकसानच.

एक उदाहरण चित्रपटांपलीकडचें आहे. शास्त्रीय नियतकालिकांतील लेख फार महाग असतात. ते फुकट देणारें ‘साय-हब’ नांवाचें स्थळ कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाकियान या विदुषीनें २०११ सालीं काढिलें. एल्सेव्हियर वगैरे मोठ्या प्रकाशकांनीं डिसेंबर २०२० मध्यें दिल्ली उच्च न्यायालयांत तिच्यावर दावा लाविला, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें तें स्थळ बंद करण्याचा हुकूम झाला. दरम्यान केंद्र सरकारनें २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांकरितां ६,००० कोटी रुपये देऊन सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांस सुमारें तेरा हजार नियतकालिकें वाचावयास मिळावीं, अशी ती व्यवस्था. चोरवाट बंद करावयाची असेल तर राजरस्ता उघडला पाहिजे, हें येथें कांहीं अंशीं झालें. पण खासगी संस्थेंतील विद्यार्थी, गांवचा शिक्षक, खेड्यांतील डॉक्टर, हे अद्याप त्या रस्त्याच्या बाहेरच आहेत.

आणि राजरस्ता पुष्कळ ठिकाणीं आधींच उघडा असून आपल्याला तो ठाऊक नसतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत महाड व आसपासच्या गांवीं अनेक घरांतील वह्या-पुस्तकांचा लगदा झाला. तेव्हां पाठ्यपुस्तकें पाठ्यपुस्तक मंडळाच्या ‘ई-बालभारती’ या स्थळावर कोणासहि फुकट उतरवून घेतां येत होतीं. फाइल वांटणें म्हणजे चोरी नव्हे. मालकानें स्वतः वांटली तर तें दान आहे.

कॉपीराइटला मुदत असते, हेंहि पुष्कळांस माहीत नसतें. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याचें लेखन सर्वांचें होतें. पूर्वीं ही मुदत पन्नास वर्षें होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ सालीं वारले, त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हां ती साठ करण्यांत आली. साने गुरुजी १९५० सालीं गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ च्या प्रारंभापासून सर्वांसाठीं मोकळी आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ त्याच्याहि फार आधीं मोकळीं झालीं. ज्यांनीं २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी सर्वांसाठीं खुलें व्हावें म्हणून सत्याग्रह केला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें ६ डिसेंबर १९५६ रोजीं निधन झालें. त्यामुळें त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेले ग्रंथहि १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. हीं पुस्तकें कोणीं इंटरनेटवर ठेविलीं तर तो चोर नव्हे, व तुम्ही उतरवून घेतलीं तर तुम्हीहि नव्हे. मात्र मूळ इंग्रजी ग्रंथ मोकळा झाला म्हणून त्याचें अलीकडील मराठी भाषांतर मोकळें होत नाहीं. भाषांतरकाराचा हक्क निराळा मोजावा लागतो. नव्या आवृत्तीची प्रस्तावना व टीपा यांचेंहि तसेंच. पुस्तक उतरवितांना लेखकाच्या मृत्यूचें साल व भाषांतरकाराचें नांव पाहण्याची संवय लावून घेतली तर बहुतेक वेळां पाटी लागण्यापूर्वींच आपल्याला उत्तर मिळतें.

आपल्या गांवापुरतें सांगावयाचें तर, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढें देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं येथें, नात्यास झाला. संस्कृताचे ते मोठे जाणकार. कालिदासाच्या मेघदूताचें मराठी पद्यांत भाषांतर त्यांनीं केलें आहे. मेघदूत स्वतः शेंकडों वर्षांपासून सर्वांचें आहे, पण हें भाषांतर नव्हे. चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजीं वारले. साठ वर्षें पुढील जानेवारीपासून मोजतात. तेव्हां तें भाषांतर व त्यांचें इतर लेखन २०४२ च्या अखेरपर्यंत विकत घेऊन किंवा ग्रंथालयांतून आणून वाचावयाचें. १ जानेवारी २०४३ रोजीं तें नात्याच्या कोणत्याहि मुलास आपल्या हातानें इंटरनेटवर ठेवितां येईल. आज जे आठवींत आहेत ते त्या वेळीं तिशींत असतील.